गुंजीचा डावा हात

“गुंजीचा दुसरा हात कुठाय?”

विचारणारी पोरगी पहिलीतली होती. पुढच्या रांगेत मांडी घालून बसलेली, एका वेणीची रिबीन सुटून कानावर आलेली. सांगलीतल्या आमच्या शाळेच्या हॉलमध्ये त्या दिवशी अख्खी प्राथमिक शाळा आणि आम्ही सहावीच्या मुली असे दाटीवाटीनं बसलो होतो. समोर खुर्चीत माझी आई. हेमलता शिराळकर, लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रकार आणि त्या दिवसाची प्रमुख पाहुणी. गुंजीची तोवर चार पुस्तकं निघाली होती. लाल फ्रॉक, दोन वेण्या, खरचटलेला गुडघा आणि दिसेल तिथे नाक खुपसायची सवय. शाळेतल्या निम्म्या पोरींना आपणच गुंजी आहोत असं वाटायचं. मी मात्र खरोखरीची गुंजी होते. आई मला समोर उभं करून ती चित्रं काढायची, आणि ही गोष्ट शाळेत ज्याला माहीत नाही असा माणूस मी शिल्लक ठेवला नव्हता.

“कुठला दुसरा?” आईनं हसून विचारलं.

“हा.” पोरीनं आपला डावा हात वर केला. “छत्रीच्या पुस्तकात तो पाठीमागे आहे. जत्रेच्या पुस्तकात खिशात आहे. मांजराच्या पुस्तकात मध्येच मांजर बसलंय. दिसतच नाही कुठं.”

हॉलमध्ये हशा पिकला. बाईंनी “शू” केलं. मी हसले नाही, कारण माझाही डावा हात तेव्हा युनिफॉर्मच्या खिशातच होता.

त्या हाताबद्दल सांगून टाकते. माझ्या डाव्या हाताला अंगठा आहे. बाकीच्या चार बोटांच्या जागी डाळिंबाच्या दाण्याएवढे चार उंचवटे आहेत. जन्मापासूनचं. दुखत नाही, खुपत नाही. त्या हातानं मी दप्तर उचलते, पुस्तक धरते, सायकलचं हँडल धरते. तेव्हा फक्त एक गोष्ट जमायची नाही, ती म्हणजे फुगडी. जमायची नाही म्हणजे मला जमायची नाही असं नव्हे. समोरच्या मुलीला तो हात धरवायचा नाही.

गुंजीची चारही पुस्तकं मला तोंडपाठ होती. तरी मला हे कधी दिसलं नव्हतं. आई चित्रासाठी उभं करायची तेव्हा म्हणायची, “मान थोडी खाली. हां. डावा हात मागे घे.” दरवेळी म्हणायची. फोटोवाला हनुवटी वर करायला सांगतो तशी ही चित्राची रीत असणार, असं मी धरून चालले होते. त्या शेंबड्या पोरीनं एका दमात तीन पुस्तकं मोजून दाखवली आणि मी खिशातला हात आणखी खोल सारला.

आई पुढे वाकून, गुपित सांगावं तसं म्हणाली, “तिनं लपवलाय तो हात.”

“का?”

“त्यात तिनं काहीतरी धरलंय.”

“काय?”

“ते पुढच्या पुस्तकात.”

टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी भिंतीला टेकून उभे असलेले आमचे ड्रॉइंगचे चौगुले सर बाईंना हळूच म्हणाले, “हात काढणं सगळ्यांत अवघड असतं हो. भलेभले असेच लपवतात.” मला इतका राग आला! आईला हात काढता येत नाही? जत्रेच्या पुस्तकातला कासार बघा म्हणावं, बांगड्या भरताना त्यानं म्हातारीचा हात कसा दाबून धरलाय ते. बोटांची पेरंन् पेरं दिसतात. येत नाही म्हणे.

घरी जाताना मी आईचा उजवा हात धरून चालत होते. माझा उजवा, तिचा उजवा, त्यामुळे चालणं जरा तिरकं होत होतं. आम्ही नेहमी असंच चालायचो.

“आई, पुढच्या पुस्तकात खरंच दाखवणार?”

“आता दाखवायलाच लागणार. एवढ्या पोरांसमोर बोलून बसले.”

“काय असेल हातात?”

“तूच सांग.”

मी तयारच होते. “सोनकिडा.” पावसाळ्यात मी एक सोनकिडा पाळला होता, काड्यापेटीत. हिरवागार, उन्हात चमचम करणारा. उजव्या हातावर ठेवला की उडायला बघायचा. डाव्या हातावर मात्र त्या चार दाण्यांमधून वाट काढत शहाण्यासारखा चालत राहायचा. मला गुदगुल्या व्हायच्या.

“सोनकिडा,” आई म्हणाली. “छान आहे.”

“आणि हात माझ्यासारखाच ना?”

“गुंजी तूच आहेस ना गं,” आई म्हणाली आणि भाजीवालीपाशी थांबली. मी ते हो समजले.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात जाहीर करून टाकलं. गुंजीच्या पाचव्या पुस्तकात माझा हात येणार. आहे तसा. पल्लवी मगदूम आमच्या वर्गातली फुगडीची राणी होती. ती म्हणाली, “जा गं. असला हात कोण काढतंय पुस्तकात?”

“माझी आई काढतेय.”

“काढला तर काय करशील?”

“मी नाही, तू करायचंस. पुस्तकात माझा हात आला तर माझ्याशी फुगडी खेळायची. दोन्ही हात धरून. मनगट नाही धरायचं.”

पल्लवीनं माझ्या खिशाकडे बघितलं, मैत्रिणींकडे बघितलं. “खेळेन,” ती म्हणाली. “पण पुस्तकात छापून आला पाहिजे.”

आता तुम्हाला हसू येईल, पण त्या दिवाळीनंतरच्या दिवसांत मला जगात दुसरं काही नको होतं. मला तो हात छापून यायला हवा होता. एकदा गुंजीचा झाला की तो हात ‘असला’ राहणार नव्हता. पोरी स्वतःच्या वहीत तसा हात काढतील, चार दाण्यांचा, असंसुद्धा मी मनात रंगवून ठेवलं होतं.

आई पुस्तकाला लागली. आमच्या घरी पुढची खोली आईची होती. खिडकीला लागून टेबल, रंगांच्या बशा, पाण्याचे दोन डबे, आणि भिंतीवर एका जुन्या चित्राची फ्रेम. ते चित्र तिच्या पहिल्या पुस्तकातलं, माझ्या जन्माआधीचं. रंगवलेलं नव्हतं, कातरलेलं होतं. रंगीत कागदांचे इतके बारीक तुकडे कातरून चिकटवलेले की कौलांवरचं गवतसुद्धा वेगळं दिसावं. लोक घरी आले की चहा घेताना आधी त्याच्यापुढे उभे राहायचे. “वहिनी, असं पुन्हा का करत नाही?” असं विचारायचे. आई म्हणायची, “डोळ्यांना त्रास होतो.” मी विचारलं की म्हणायची, “कंटाळा येतो गं.” ती रंगानं रंगवायची, आणि कागद लहान करायचा असला तर फूटपट्टी दाबून फाडायची. त्या फाटक्या कडा तिची खूणच होऊन बसल्या होत्या. दोरा दातानं तोडायची. माझी नखं बाबा काढायचे. हे सगळं मी बघत होते, पण आपल्या घरातल्या गोष्टीचं कुणाला काय वाटतं?

मी हाकेची वाट बघत होते. आई उभं राहायला बोलावेल आणि या वेळी म्हणेल, डावा हात पुढे घे. त्यासाठी मी तो हात रोज साबणानं घासत होते. शाई लागू देत नव्हते.

आईनं बोलावलंच नाही. विचारलं तर म्हणाली, “तू आता इतकी पाठ झालीयेस मला, बघायला कशाला पाहिजे?” एकदा दुपारी शाळेतून लवकर आले तर दाराच्या फटीतून दिसलं, आई स्वतःचा डावा हात समोर धरून, तळवा उघडून, त्याच्याकडे एकटक बघत बसली होती. उजव्या हातात ब्रश. हात दुखला असेल म्हणून मी न बोलता आत गेले आणि चहा टाकला.

मालूआत्या आली ती त्याच आठवड्यात. बाबांची मोठी बहीण, मिरजेला राहायची. महिन्यातून एकदा शिवणाचं सामान घेऊन यायची, कारण शिलाई मशीन आमच्याकडे होतं. आत्या वाईट नव्हती. पोटभर खायला घालायची, आजारपणात उशाशी बसायची. फक्त माझ्याकडे बघून सुस्कारा टाकायची तिला सवय होती, आणि तो सुस्कारा टाकून झाला की ती आईकडे बघायची. आई तेवढ्यात उठून दुसरीकडे जायची. दोघी कधी भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवार होता. बाबा कारखान्यावर गेले होते. साखर कारखान्यात ते केमिस्ट होते आणि गळीत हंगामात त्यांना रविवार नसायचा. आत्या पुढच्याच खोलीत जमिनीवर पोलक्याचं कापड पसरून बेतत होती. तिची मोठी काळी कातर कापडावर पडलेली. मी दारात पायरीवर गृहपाठ करत होते.

“जुई,” आईनं हाक मारली. “ये. झालं.”

मी पायरीवरून उठून धावले. आईनं टेबलावरचं सगळं बाजूला सारलं होतं. मधोमध शेवटचं चित्र. दोन पानं मिळून एक, मोठं. आईचा चेहरा कधी नव्हे तो लालसर झाला होता. आता वाटतं, तीही त्या क्षणाची माझ्याइतकीच वाट बघत होती.

चित्र सुंदरच होतं. माळावरचं ऊन. लाल फ्रॉकमधली गुंजी अगदी समोर, जवळ, आपल्याकडे बघून हसणारी. तिनं डावा हात पाठीमागून काढून आपल्यापुढे धरलेला. तळवा उघडा. तळव्यावर हिरवा सोनकिडा.

आणि हाताला पाच बोटं.

लांब, निमुळती, सुरेख. करंगळी टोकाला किंचित आत वळलेली. आईची करंगळी तशीच आहे.

“अगंबाई,” मागून आत्या म्हणाली. ती गुडघ्यावर हात टेकून उठून आली होती. “काय सुरेख हात काढलास गं हेमा.”

मी बघत राहिले. मला वाटलं मी चुकीचं बघतेय.

“हा कुणाचा हात आहे?” मी विचारलं.

“गुंजीचा.”

“गुंजी मी आहे.”

“हो ना.”

“मग हा कुणाचा हात आहे?”

आईनं खाली वाकून माझ्या खांद्यावर हात ठेवला. “तुझाच आहे बाळा. मी दिलाय तुला.” तिचा आवाज इतका मऊ होता की मला तिला ढकलून द्यावंसं वाटलं. “किती दिवस काढत होते माहितीये? एकेक बोट. हे सगळं तुझं आहे.”

“माझं नाहीये.”

“जुई—”

“माझा हात असा आहे.” मी खिशातून हात काढून चित्राशेजारी, टेबलावर ठेवला. “हा बघ. हा काढ.”

आईनं बघितलं नाही. मी अगदी नीट सांगते आहे, कारण तो क्षण मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिला आहे. तिची नजर माझ्या चेहऱ्यावर होती, मग चित्रावर गेली, मग खिडकीबाहेर. मध्ये माझा हात होता. त्याच्यावरून ती नजर, वाटेत काही नसल्यासारखी, निघून गेली. आणि मला कळलं की ही नेहमीच अशी जाते. अकरा वर्षांची मुलगी होते, हे शब्द तेव्हा सुचले नव्हते, पण कळलं ते हेच. आईनं माझा हात काढला नाही कारण आईनं माझा हात कधी पाहिलेलाच नाही.

“असं काय करतेस,” आत्या म्हणाली. “पुस्तकात तरी चांगलं असू दे की पोरीचं.”

मी खाली वाकले, कापडावरची कातर उचलली आणि चित्राचा कागद ओढला. कातर मोठी होती. डाव्या अंगठ्यानं मी कागद दाबून धरला आणि कापलं. एक बोट. दुसरं. कागद जाड होता, करकर वाजत होता.

आई किंचाळली.

तशी किंचाळी मी आधी ऐकली नव्हती आणि नंतरही ऐकली नाही. “टाक! टाक ती कातर! जुई, टाक आधी!”

मला वाटलं चित्रासाठी ओरडतेय, म्हणून मी आणखी जोरात कापलं. तिसरं. चौथं. चारही बोटं फरशीवर पडली. अंगठा मी ठेवला, तो माझ्याकडेही आहे. मग आईनं झडप घालून माझ्या दोन्ही मुठी धरल्या, कातरीसकट. तिच्या तोंडावर रक्ताचा थेंब उरला नव्हता. कातर तिनं माझ्या हातातून काढली नाही, झटकून पाडली, विंचू झटकावा तशी.

“पुन्हा नाही,” ती म्हणत होती. “पुन्हा नाही गं. पुन्हा नाही.”

“चित्र पुन्हा काढता येईल की,” मी रडत ओरडले. “त्यात काय एवढं!”

तेव्हा आत्या बोलली. ती दुष्टपणानं बोलली नाही, घाबरून बोलली, एवढं मी तिच्या बाजूनं सांगेन. “तेव्हाच म्हटलं होतं मी. तेव्हा ऐकलं असतंस तर आज पोरीला—”

“वन्सं, पुरे.”

“चार तास नुसतं पडून राहायचं होतं—”

“पुरे म्हटलं ना!”

आत्या पदर तोंडाला लावून आत गेली. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज यायला लागला. आई जमिनीवर बसली. मीही बसले, कारण माझ्या मुठी अजून तिच्या हातात होत्या.

“तेव्हा काय?” मी विचारलं.

आईनं भिंतीवरच्या त्या कातरलेल्या चित्राकडे बघितलं. “ग्रहण होतं,” ती म्हणाली. “ऐंशी सालचं. मोठं. दुपारी अंधार झाला होता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तू पोटात होतीस. वन्संनी सांगितलं, ग्रहण सुटेपर्यंत काही चिरू-कापू नकोस, गप पडून राहा. मी हसले. म्हटलं, वन्सं, माझं पुस्तक परवा छापायला जायचंय.” ती अजून त्या चित्राकडेच बघत होती. “मी दिवा लावून बसले आणि कागद कातरत राहिले. गवत कातरत होते. बारीक, बारीक.”

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मला आठवतं, मला त्या वेळी हायसं वाटलं. एवढंच होय! याचं उत्तर माझ्याकडे होतं. आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात ग्रहणाचा धडा होता, आकृतीसकट.

“आई, ग्रहण म्हणजे नुसती सावली असते,” मी म्हणाले. “त्यानं कुणाला काही होत नाही.”

“माहितीये मला,” आई म्हणाली.

“मग?”

“माहितीये गं मला. तसं काही नसतं. मी सगळ्यांना तेच सांगते.” आणि ती रडायला लागली, लहान मुलं रडतात तशी, तोंड उघडं टाकून. “पण तुला आणून माझ्याजवळ ठेवलं तेव्हा बोटं अशीच होती. कातरल्यासारखी. मला तो हात दिसला की मला कातर दिसते, जुई. मी काय करू?”

धड्यात हे नव्हतं.

बऱ्याच वेळानं तिचं रडणं ओसरलं. मी कपटे गोळा करायला झाडू आणायला निघाले तर तिनं मला हातानं थांबवलं. गुडघ्यांवर सरकत तिनं फरशीवरून ती चार बोटं एकेक करून उचलली. आपल्या डाव्या तळव्यावर ठेवली. वाऱ्यानं उडतील म्हणून वरून दुसरा हात धरला. मग माझ्याकडे बघितलं, मी मोठी असल्यासारखं.

“आता ही कुठे ठेवू गं?” तिनं विचारलं.

गुंजीचं पाचवं पुस्तक निघालं नाही. पुण्याच्या प्रकाशकांनी पुष्कळ गळ घातली, पण आईनं दाद दिली नाही. पुढे तिनं पक्ष्यांची पुस्तकं केली, होड्यांची केली, झाडांची केली. फार चांगली केली. माणूस पुन्हा काढला नाही. पल्लवीनं काही दिवस “कधी येतंय पुस्तक?” म्हणून विचारलं आणि मग ती विसरून गेली. पोरी विसरतात. फुगडी राहिली ती राहिलीच.

मी प्राणिशास्त्र घेतलं. का घेतलं हे सांगायला नको. गर्भाची बोटं कितव्या आठवड्यात होतात ते ज्या दिवशी शिकले त्या दिवशी वसतिगृहातून घरी फोन केला. म्हटलं, “आई, ग्रहणाच्या आधीच सगळं होऊन गेलं होतं. चौथा महिना होता ना तुला? बोटं दुसऱ्याच महिन्यात होतात. जे व्हायचं ते तेव्हाच झालं होतं. तू कातर हातात घेण्याआधी.”

“हो का,” आई म्हणाली. “बरं झालं सांगितलंस.” मग विचारलं, “जेवलीस का?”

त्यानंतर मला दिवस गेले तेव्हाची गोष्ट. मी कोल्हापूरला कॉलेजात शिकवत होते. जुलैत सूर्यग्रहण होतं, सकाळचं, आणि मला चौथा महिना. आई न कळवता आदल्या दिवशीच येऊन थडकली. तिला सोनोग्राफीचं सांगितलं, दोन्ही हात दिसले, बोटं दिसली, डॉक्टरांनी दाखवली. ती म्हणाली, “दिसली असतील. ग्रहण अजून व्हायचंय ना.”

मी मनाशी ठरवून टाकलं होतं. ग्रहण लागलं की तिच्यासमोर बसायचं आणि कागद कातरायचा. भरपूर कातरायचा. आणि डिसेंबरात धडधाकट मूल तिच्या मांडीवर ठेवायचं. म्हणजे हे एकदाचं संपेल. कातर आणि रंगीत कागद मी उशाशीच घेऊन झोपले.

सकाळी आभाळ भरून आलं होतं. सूर्यच दिसत नव्हता तर ग्रहण काय दिसणार? आई अंघोळ करून माझ्या पलंगाशी खुर्ची घेऊन बसली होती. मी उठून बसले आणि कातर हातात घेतली. तिनं ती बघितली. ओरडली नाही. तिनं फक्त दोन्ही हात जोडले, माझ्यापुढे. माझ्या आईनं, ज्या बाईनं देवापुढेसुद्धा कधी धड हात जोडले नाहीत, तिनं.

मी कातर गादीखाली सारली आणि आडवी झाले.

तिनं माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. डावासुद्धा. त्या चार दाण्यांवर तिची बोटं टेकली होती, आणि ती डोळे मिटून बसली होती. ग्रहण सुटेपर्यंत आम्ही हललो नाही.

डिसेंबरात मुलगी झाली. नर्सनं दुपट्यात गुंडाळून आईच्या हातात दिली. आईनं तोंड बघितलं नाही. आधी दुपटं सोडलं. एक मूठ उलगडली, एकेक बोट सरळ करून. मग दुसरी. करंगळ्या टोकाला किंचित आत वळलेल्या होत्या. ती बघत राहिली, आणि मग तिचा चेहरा असा उजळला, असा उजळला, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, झालं. सुटली.

“सगळी आहेत,” ती म्हणाली. पलंगाशी येऊन तिनं बाळ माझ्या कुशीत ठेवलं, माझ्या कपाळावरून हात फिरवला. मग वाकून माझा डावा हात पांघरुणाबाहेर काढला आणि त्याच्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा, सरळ, डोळे न फिरवता.

“तू ऐकलंस,” ती त्या हाताला म्हणाली. “बघ, तू ऐकलंस. मी ऐकलं नव्हतं.”